पुलावर कुत्रं नव्हतं

हिंगोली, १२ जून २०२५

नंदा,

पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते लिहिलं आणि फाडलं. हा चौथा कागद. तुझी आई आतून विचारते, काय चाललंय. म्हटलं, रजेचा अर्ज लिहितोय.

फोन लावत नाही, कारण तू उचलत नाहीस. आईशी बोलतेस तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो. "अप्पांना देऊ नको" म्हणतेस ते ऐकू येतं. तिच्या फोनचा आवाज मोठा आहे. सोळा महिने झाले.

मी बरा आहे. ड्युटी चालू आहे. लांबची गाडी आता घेत नाही, कळमनुरीच्या फेऱ्या मारतो. जेवण ठीक. चहा जरा जास्त होतो.

तुझ्या लग्नाच्या दिवशी डेपोतून फोन आला होता. एक ड्रायव्हर आजारी पडला, दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मला मांडवातून उठावं लागलं. तुझ्या मामानं कन्यादान केलं. स्वप्निल आपल्यातला नाही म्हणून मी उठून गेलो, असं सगळ्यांनी धरलं. त्याच्या आईवडलांनी धरलं, तूही धरलंस. तसं नव्हतं. फोन आला होता.

मध्येच उठून पाणी पिऊन आलो. आता काय लिहायचं होतं ते आठवत नाही.

अप्पा

हिंगोली, १९ जून २०२५

नंदा,

फोन आला नव्हता.

पोरीच्या लग्नासाठी रजा टाकलेल्या माणसाला कुठला डेपो बोलावतो? तुला हे तेव्हाच कळलं असेल. मागचं पत्र टाकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. पोस्टात जाऊन ते परत मिळतं का विचारणार होतो. अर्ध्या रस्त्यातून घरी आलो.

यासोबत एक कागद ठेवलाय. तो ईसीजी आहे. वर तारीख आणि वेळ छापलेली आहे: १८ फेब्रुवारी २०२४, दुपारी १२ वाजून ५२ मिनिटं. तुझा मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा होता. तुझ्या अंगावर अक्षता पडत होत्या तेव्हा मी मोटारसायकलवर होतो, आणि तू स्वप्निलसोबत फेरे घेत होतीस तेव्हा मी एका दवाखान्यात सदरा काढून पडलो होतो, छातीला वायरी लावून. डॉक्टर म्हणाला, "काही नाही, सगळं नॉर्मल आहे." त्याआधीही दोनदा हेच ऐकलं होतं.

मांडवात काय झालं ते सांगतो. अंतरपाट धरला होता. माझ्यामागं माणसं दाटली होती. एकदम छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, तोंड कोरडं, आणि असं वाटलं की आता मी इथंच मरणार, पोरीच्या मांडवात. ते होऊ द्यायचं नाही एवढंच सुचलं. चप्पल पण घातली नाही. दवाखान्यातून "नॉर्मल" ऐकून बाहेर आलो तेव्हा एकदम बरा होतो. तेच वाईट झालं. मेलो नव्हतो, आजारी नव्हतो, मग परत येऊन काय सांगायचं? म्हणून फोनचं सांगितलं.

पहिल्यांदा झालं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, वाशिमच्या गाडीवर. कनेरगाव नाक्याच्या पुढं पैनगंगेचा पूल आहे ना, त्यावर. काही कारण नव्हतं. रस्ता मोकळा, ऊन चांगलं. कंडक्टर कय्युम मागं तिकिटं फाडत होता. पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, इंजिन गरम झालंय. तेव्हापासून तो पूल आला की हात घामानं ओले. मग वाशिमची गाडी सोडली. मग नांदेडची. मग न्हाव्याकडं जाणं सोडलं, कारण मानेवर वस्तरा असताना उठता येत नाही. आई घरी कैचीनं केस कापते. तिला वाटतं मी कंजूस झालोय.

बीपीचं मशीन घेतलं. दिवसातून वीसदा बघतो. आज आत्तापर्यंत नऊ वेळा बघून झालं.

अप्पा

हिंगोली, ६ जुलै २०२५

नंदा,

आईला मशीन सापडलं. माझ्या ड्युटीच्या पिशवीत, डब्याखाली. तिनं मशीन ताटाशेजारी ठेवलं आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं. मांडवाचं पण. तिनं मशीनचा पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "आन् मी समजून राहिले का तुमाला पोरीचा राग हाय." मग रडली. मग म्हणाली, "उद्या दवाखान्यात. मी संगं येते."

सरकारी दवाखान्यात मनाच्या तक्रारींची वेगळी खोली आहे. बाहेर बाकावर बसलो तेव्हा ओळखीचं कोणी बघू नये म्हणून रुमाल तोंडावर धरला होता. डॉक्टरांनी जुने कागद बघितले, थायरॉईडचं रक्त तपासायला दिलं, एक गोळी लिहिली आणि आतल्या मॅडमकडं पाठवलं. आलिया मॅडम. तुझ्याच वयाची पोरगी. मला वाटलं ही काय सांगणार.

तिनं विचारलं, "काका, गाडीत हवा कमी झाली की काय होतं?"

म्हटलं, "ब्रेकच्या हवेचा बझर वाजतो."

"आणि हवा पूर्ण भरलेली असताना वाजला तर?"

"वायरिंगमध्ये गडबड असते."

"मग गाडी भंगारात काढता?"

ती म्हणाली, "तुमचं हृदय चांगलं आहे, तीनदा तपासलंय. धोक्याची घंटा नको तिथं वाजते आहे. तिचा त्रास खरा आहे, तुम्ही नाटक करत नाही. पण धोका नाही. आणि ती आपोआप उतरते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तुम्ही कधी उतरेपर्यंत थांबलात का?"

थांबलो नव्हतो. दरवेळी पळालो. ती म्हणाली, पळालं की बरं वाटतं, आणि शरीर त्यातून एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. म्हणून पुढच्या वेळी घंटा अजून जोरात वाजते. अडीच वर्षांत मला एवढं साधं कोणी सांगितलं नव्हतं. मी तरी कोणाला विचारलं होतं?

श्वास चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. हे मला बावळटपणाचं वाटलं. घरी केलं तर पहिल्या दिवशी उलट जास्त घाबरलो. परत गेलो, तर म्हणाली, बरं असताना सराव करा, तरच घाबरल्यावर जमतं. अकरा चहाचे तीन करायचे. तंबाखू बंद, ते अजून जमलं नाही. मशीन आईनं गव्हाच्या कोठीत टाकलंय आणि किल्ली तिच्याकडं. आणि संध्याकाळी पाच ते सव्वापाच वहीत चिंता लिहायची. दिवसभरात आली तर तिला सांगायचं, पाचला ये. हसू येतं, पण दुपारी आलेली अर्धी चिंता पाचला येतच नाही.

मॅडमनं आणखी एक गोष्ट सांगितली. ती आत्ता लिहीत नाही.

अप्पा

हिंगोली, २८ जुलै २०२५

नंदा,

आईच्या फोनवर तुझा मेसेज आला. तुझ्याकडून आलेलं एकच वाक्य: "अप्पांना विचार, गाडीत पॅसेंजर असताना असं किती वेळा झालं."

तू लॅबमध्ये काम करतेस, तुला आकडा लागतो. अकरा वेळा.

हे लिहायला मी तीन दिवस घेतले. तिसऱ्यांदा झालं ते सांगायला पाहिजे. ९ जुलै २०२३. वाशिमहून परत येत होतो, एकतीस पॅसेंजर. पूल दिसायला लागला आणि सुरू झालं. पुलावर जायच्या आत थांबायचं एवढंच डोक्यात. पूर्ण जोरानं ब्रेक दाबला. केबिनच्या मागच्या सीटवर एक म्हातारी बाई होती, रहिमाबी, कनेरगाव नाक्याची. तिचं कपाळ समोरच्या दांडीवर आदळलं. सहा टाके पडले.

मी म्हटलं, पुलावर कुत्रं आडवं आलं.

कय्युम तेव्हा गाडीच्या अगदी शेवटच्या सीटपाशी होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "इशंभर, कुत्रं होतं ना?" म्हटलं, "व्हय." तो म्हणाला, "मग मी बी पाहिलं असं लिहितो. चौकशी लवकर मिटंल." त्यानं सही केली. वीस वर्षं आम्ही एका गाडीवर काढली, त्याला वाटलं मी खोटं बोलणार नाही.

पुलावर कुत्रं नव्हतं, नंदा. हे आईलाही आज सकाळीच सांगितलं.

आणि मॅडमची ती दुसरी गोष्ट. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं की हे आटोक्यात येईपर्यंत प्रवासी गाडी चालवू नका, डेपोत सांगा, लागलं तर मी चिठ्ठी देते. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. महिनाभर चालवली. एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, ते सोडलं तर मी कोण, हे कळेना. आजार आला त्यात माझा गुन्हा नाही असं मॅडम म्हणते. पण लपवून गाडी चालवली, तो माझाच. ते घाबरेपणावर ढकलता येत नाही.

अर्ज लिहिलाय, सगळं लिहिलंय. त्यात कय्युमचं नाव येतं. त्याला आधी सांगायला पाहिजे. आज त्याच्या घरावरून दोनदा गेलो आणि परत आलो.

अप्पा

हिंगोली, १७ ऑगस्ट २०२५

नंदा,

कय्युमला सांगितलं. तो ऐकत होता तोवर ऐकत होता, मग उठून उभा राहिला. "माझी सही हाय त्या कागदावर. तू मला एकदा तरी बराबर सांगायचं व्हतं. मी तरीबी सही केली असती, पण मला ठाऊक तर असतं." म्हटलं, "म्हणून आधी तुझ्याकडं आलो. तू नको म्हण, मी अर्ज फाडतो." तो म्हणाला, "असा डाव माझ्यावर टाकू नको. दे जाऊन."

दिला. मला स्टेअरिंगवरून काढलं. चौकशी झाली. आता वर्कशॉपच्या खिडकीत बसतो, टायर आणि पार्ट कोणत्या गाडीला गेले ते लिहितो. कय्युमला लेखी ताकीद मिळाली. तो माझ्याशी बोलत नाही. पहिल्या आठवड्यात मला रोज झटका आला, एकदा टायरच्या ढिगाऱ्यामागं बसून सहा मोजत श्वास सोडत होतो तर वर्कशॉपचा ग्यानबा विचारतो, "काका, काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही, मला घाबरल्यासारखं होतं, पाच मिनिटांत जाईल." झटका चालू असताना कोणाला पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि शेजारी बसून राहिला. खरंच गेलं. आणि लपवायचं नव्हतं म्हणून की काय, लवकर गेलं.

परवा कनेरगाव नाक्याला गेलो, मोटारसायकलवर. रहिमाबीचं घर विचारत गेलो. ती दारात लसूण सोलत होती. कपाळावर भुवईच्या वर पांढरी रेघ आहे. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पाठ करून गेलो होतो, तरी अडखळलो.

ती म्हणाली, "बैठ बेटा."

बसलो. ती म्हणाली, "कुत्रं नव्हतं ते मला ठाऊक होतं. मी पुढंच होते ना. पूर्ण रस्ता मला दिसत होता."

मी विचारलं, "मग तुमी काहून बोलला न्हाईत?"

"वाटलं, ड्रायव्हरला डुलकी लागली. बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. आन् तू माझं डोकं धरून बसला होता, माझ्यापरीस जास्त कापत होता."

मग ती थोडा वेळ लसूण सोलत राहिली. म्हणाली, "पर मी न बोलून चूक केली. तू नंतर बी गाडी चालवली ना? त्या गाडीत माझी नातवंडं रोज बसतात."

एवढंच बोलली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही माफी मागितली नाही. निघताना विचारलं, "आता चालवतो का?" म्हटलं, "न्हाई." ती म्हणाली, "मग ठीक हाय. चहा पिऊन जा." मी माझ्या तीन चहांचा हिशेब मोडला.

अप्पा

हिंगोली, ५ ऑक्टोबर २०२५

नंदा,

तुझं पत्र मिळून महिना झाला. चार ओळींचं. शंभरदा वाचलं असेन.

"पत्रं मिळाली. ईसीजीचा कागद मी फाईलला लावलाय. पण हे सगळं मला कागदावर नकोय. मला सगळ्यांसमोर सोडून गेलात, तर इथं येऊन समोर बसून सांगा. आईला पुढं करू नका."

बरोबर लिहिलंस. अडचण एवढीच आहे की मी एसटीत बसू शकत नाही. हसशील. चालवू शकत होतो, कारण वाटायचं की थांबवणं माझ्या हातात आहे. मागं बसलं की ते दुसऱ्याच्या हातात. नाशिक म्हणजे साडेदहा तास.

मॅडमला सांगितलं. तिनं सरळ नाशिक काढलं नाही. पहिला आठवडा डेपोत उभ्या असलेल्या गाडीत बसायचं, दार बंद करून. मी ज्या गाड्यांचे टायर लिहितो त्यांच्यातच जाऊन बसलो. मग कळमनुरी. तिथवर गेलो, पण उतरल्यावर परतीच्या गाडीत चढता येईना, दोन गाड्या सोडल्या. मग आखाडा बाळापूर. पहिल्यांदा अर्ध्यात उतरलो. दोन किलोमीटर चालत गेलो, स्वतःला शिव्या देत. मॅडम म्हणाली, शिव्या नको, पुन्हा तीच गाडी पकडा. दुसऱ्यांदा पूर्ण गेलो. घाम फुटला, मुंग्या आल्या, मी घड्याळाकडं न बघता खिडकीतून हळदीची शेतं बघत राहिलो. बाजूच्या माणसाला सांगितलं, मला बसमध्ये घाबरायला होतं, जरा बोलत राहता का. त्यानं बाळापूर येईपर्यंत त्याच्या म्हशीच्या दुखण्याचं सांगितलं. सगळं आठवतं मला.

मागच्या सोमवारी नांदेडला गेलो. त्या गाडीवर कंडक्टर कोण असावा? कय्युम. त्यानं मला बघितलं, तिकीट दिलं, पुढं गेला. कळमनुरीच्या पुढं माझा रंग उतरलेला त्याला दिसला असेल. परत येऊन शेजारी बसला. म्हणाला, "थांबवू का गाडी?"

म्हटलं, "नको. काही झालं तरी थांबवू नको."

तो म्हणाला, "मग मी बसतो इथं." बाळापूरपर्यंत बसला. मग उठला आणि तिकिटं द्यायला गेला.

झटके अजून येतात. महिन्यातून तीनचार. आधी रोज यायचे. गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात मनानं बंद करू नका. सकाळी आईसोबत चालायला जातो. तंबाखू पुन्हा दोनदा खाल्ली, ते पण लिहून ठेवतो.

तारीख सांगत नाही. सांगितली आणि नाही जमलं तर तू परत वाट बघत बसशील. एकदा तसं केलंय मी.

अप्पा

९ नोव्हेंबर २०२५, गाडीत

नंदा,

अक्षर वाकडं येईल. गाडी थांबली की लिहितो.

जिंतूर. सकाळी सातला निघालो. आई स्टँडवर आली होती. येऊ का म्हणाली, नको म्हटलं. तू आईला पुढं करू नका म्हणाली होतीस. तिनं तुला फोन केला असेल, मी करू नको म्हटलं तरी. डबा दिलाय, त्यातलं एक धपाटं खाल्लं. औंढ्यापर्यंत बरा होतो.

मंठा. आत्ता झटका येऊन गेला, मोठा होता. सगळे रस्ते बंद झाल्यासारखं वाटलं. उठून ड्रायव्हरजवळ गेलो, सांगणार होतो की बाजूला घे, मी पण ड्रायव्हर आहे, माझी अडचण समजून घे. त्याच्या मागं उभा राहिलो. तो म्हणाला, "काय पाहिजे काका?" मी म्हटलं, "काही नाही. किती वाजता पोचेल?" आणि सीटवर येऊन बसलो. तसाच बसून राहिलो. बाजूच्या बाईनं पाणी दिलं. मग ते घाबरणं उतरलं. किती वेळ लागला ते मोजलं नाही.

जालना. काही नाही. झोप लागली होती.

संभाजीनगर. गाडी अर्धा तास थांबली. मी फलाटावर उतरलो. समोर हिंगोलीची गाडी लागलेली होती, दार उघडं, खिडकीजवळची सीट रिकामी. खोटं कशाला लिहू, मी तिच्या पायरीपर्यंत गेलो. तुला काय सांगायचं ते तिथंच ठरवायला लागलो: तब्येत बिघडली, गाडी बंद पडली. दोन्ही कारणं चांगली होती. मग आपली गाडी सुटायची शिटी झाली आणि मी पळत येऊन बसलो. पळताना छाती धडधडली, आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली नाही, कारण मी पळत होतो म्हणून ती धडधडत होती.

येवला. तुला काय सांगायचं ते जुळवत होतो, सोडून दिलं. तू रागावशील तेव्हा मी उठणार नाही. जेवढा वेळ रागावायचं तेवढा वेळ रागाव. स्वप्निलच्या आईवडलांकडं पण मला घेऊन चल. तिथंही बसतो.

नाशिक आलं वाटतं, गर्दी वाढली. साडेपाच झालेत. हात ओले आहेत, कागद चिकटतो. घंटा वाजतेय, वाजू दे.

गाडी स्टँडमध्ये वळली. तू उभी आहेस. तिसऱ्या खांबापाशी, निळी ओढणी. वाळलीस. म्हणजे आईनं फोन केलाच.

गाडी लागली तशी तू पुढं आलीस, आणि आधी ड्रायव्हरच्या खिडकीकडं बघितलंस. तिथं दुसराच माणूस आहे. आता एकेक खिडकी बघत येतेस.

मी मागं आहे, नंदा. सीट नंबर अकरा. उतरतो.